गाठ निघाली, आता ब्लॉक मुंबईला पाठवायचा का?

पत्र:

नमस्कार डॉक्टर मॅडम, मी नागपूरला हुडकेश्वरला राहते. माझ्या भावाची मुलगी ४ वर्षांची आहे. महिनाभर तिला सकाळी उठल्या उठल्या उलट्या होत होत्या, आम्ही पोट बिघडलं समजून औषधं देत बसलो, मग एक दिवस फिट आली. एमआरआयमध्ये डोक्यात डाव्या बाजूला मोठी गाठ दिसली. ३ आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये एम्ब्रायोनल ट्यूमर, हाय ग्रेड, मॉलिक्युलर तपासणी करावी असं लिहिलंय. आता डॉक्टर म्हणून राहिले की ब्लॉक मुंबईला मेथिलेशन टेस्टसाठी पाठवा. दादाचा मित्र म्हणतो कॅन्सर आहे हे कळलं नं, मग सरळ शेक म्हणजे रेडिएशन सुरू करा, टेस्टच्या नादात पोरगी हातची जाईल. आई म्हणते वहिनी ग्रहणात बाहेर गेली होती म्हणून हे झालं. वहिनी कोणाशी बोलतच नाही, दादानं सगळे कागद माझ्या हातात देऊन ठेवलेत. ही टेस्ट खरंच लागते का, की पैसे काढायचं काम आहे? आणि पिल्लू रोज विचारते शाळेत कधी जायचं, तिला काय सांगू?
– एक आत्या

उत्तर:

ताई, आधी सरळ उत्तर देते मग बाकीचं बोलू. ब्लॉक पाठवा. आणि पुढच्या आठवड्यात वगैरे नाही, उद्या सकाळी लॅब उघडली की कामाला लागा, कारण ३ आठवडे आधीच गेलेत आणि अशा गाठींमध्ये ऑपरेशननंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांत पुढचा उपचार सुरू व्हावा असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. म्हणजे टेस्ट करायची की नाही यावर घरात चर्चा करत बसायला तुमच्याकडे वेळ नाही, टेस्ट करायला मात्र आहे.

पैसे काढायचं काम आहे का, हे तुम्ही विचारलं ते बरं केलं. आपल्याकडे लोकांना इतके अनुभव आलेले असतात की शंका येणारच, मला त्याचा अजिबात राग नाही. पण या बाबतीत तुमचे डॉक्टर योग्य सांगून राहिले, आणि का ते मी जरा नीट सांगते कारण तुम्हाला हेच घरी दादाला आणि त्याच्या मित्राला समजावायचं आहे.

मी ३० वर्षांच्या वर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले आहे. लहान मुलांच्या डोक्यातली अशी गाठ स्लाइडवर कशी दिसते माहीत आहे? लहान लहान गोल निळ्या पेशी, एकीला एक चिकटून, दाटीवाटीनं, जणू कोणी मूठभर मोहरी सांडली. बस, एवढंच. आणि अडचण अशी की अगदी वेगवेगळ्या जातीच्या ५-६ गाठी हुबेहूब अशाच दिसतात. आमच्या काळात मेंदूच्या वरच्या भागात अशी गाठ दिसली की आम्ही पीएनईटी असं एक ढोबळ नाव लिहून मोकळे व्हायचो, जगभर हेच चालायचं, आणि मग त्या सगळ्या मुलांना एकच उपचार, पूर्ण डोकं आणि पूर्ण पाठीच्या कण्याला रेडिएशन आणि वरून केमो. २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास आला, पीएनईटी म्हणून नोंदलेल्या ३२३ गाठी त्यांनी पुन्हा तपासल्या, यावेळी पेशी कशा दिसतात यापेक्षा त्यांच्या डीएनएवर काय खुणा आहेत हे बघून. त्यातल्या कितीतरी गाठी मुळात आधीच माहीत असलेल्या दुसऱ्याच जातीच्या निघाल्या, कोणी ग्लायोमा, कोणी एपेंडायमोमा, कोणी एटीआरटी, आणि वरून ४ जाती तर अशा निघाल्या ज्यांना तोवर कोणी वेगळं नावच दिलं नव्हतं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं मेंदूच्या गाठींच्या यादीतून पीएनईटी हे नाव काढून टाकलं. मी ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही, कारण ते नाव माझ्या सहीखाली किती वेळा गेलं होतं हे माझं मला माहीत होतं.

तुमच्या रिपोर्टमध्ये एम्ब्रायोनल ट्यूमर, म्हणजे गर्भातल्यासारख्या कच्च्या पेशींची गाठ, असं लिहिलंय आणि पुढे तपासणी सुचवलीय, म्हणजे रिपोर्ट देणाऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलंय की मला घराणं कळलं, पूर्ण नाव अजून कळलं नाही. असं लिहिणाऱ्या पॅथॉलॉजिस्टवर भरवसा ठेवा.

आता मेथिलेशन म्हणजे काय. आपल्या डीएनएवर जागोजागी मिथाइल नावाची बारीक खूण बसलेली असते, कुठली जीन चालू, कुठली बंद, हे त्यावरून ठरतं, आणि मेंदूतली कुठली पेशी कुठल्या मूळ पेशीपासून आली त्यानुसार या खुणांची नक्षी वेगळी असते. पेशी बिघडून कॅन्सर झाला, दिसायला सगळ्यांसारखी झाली, तरी ही जुनी नक्षी बरीचशी तशीच राहते. कसं आहे, आपला माणूस पुण्याला जाऊन कितीही साहेबासारखे कपडे घालू दे, दोन वाक्यं बोलला, एकदा काऊन म्हणाला की कळतं बाप्पा हा आपल्याकडला. मायक्रोस्कोप कपडे बघतो, मेथिलेशन बोली ऐकतं.

ही टेस्ट एका चिपवर होते, त्यात डीएनएवरच्या साडेआठ-नऊ लाखांच्या आसपास जागा एकदम वाचल्या जातात आणि ती सगळी माहिती कॉम्प्युटर आधी साठवलेल्या नमुन्यांशी जुळवून बघतो. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या टीमनं २०१८ मध्ये हे जुळवणारं साधन जगापुढे ठेवलं, २८०१ नमुन्यांवर शिकवलेलं होतं ते. मग त्यांनी नवीन ११०४ पेशंटच्या गाठी त्यातून काढल्या, लहान मोठे सगळ्या वयाचे, आणि त्यात साधारण शंभरातल्या १२ जणांचं मायक्रोस्कोपवरचं निदान बदलावं लागलं. शंभरात १२! प्रत्येक वेळी एक घर आहे त्या आकड्यामागे. २०२१ च्या जागतिक यादीत तर बऱ्याच बालगाठींचं नावच मॉलिक्युलर तपासणीशिवाय पूर्ण होत नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नावर येते, म्हणजे नाव कळून पोरीला काय फरक पडणार. दादाच्या मित्राला हेच सांगा. तिच्या वयात आणि त्या जागी एम्ब्रायोनलसारखी दिसणारी गाठ जर मुळात झेडएफटीए फ्यूजनवाली (म्हणजे झेडएफटीए नावाची जीन दुसऱ्या जीनला चिकटलेली) एपेंडायमोमा निघाली आणि पसरलेली नसली तर रेडिएशन फक्त गाठीच्या जागेला देतात, पूर्ण डोक्याला आणि कण्याला द्यायची गरज नसते. ग्लायोमा निघाली तरी साधारण तसंच. फॉक्सआर२ नावाची जात निघाली तर पूर्ण डोकं, कणा आणि केमो असा मोठा उपचार लागतो पण ती त्याला चांगली दाद देते. ईटीएमआर निघाली तर ती फार आक्रमक, तिथे वेळ आणि योजना दोन्ही वेगळी. आणि ४ वर्षांच्या लेकराच्या पूर्ण मेंदूला रेडिएशन देणं ही साधी गोष्ट नाही ताई, मेंदू अजून वाढतोय, पुढे अभ्यास, लक्षात राहणं, उंची, हार्मोन, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो, म्हणून ३ वर्षांखालच्या मुलांत तर डॉक्टर ते शक्यतो टाळतातच. जिथे लागतं तिथे ते द्यावंच लागतं, त्याशिवाय मूल वाचत नाही. पण लागत नसताना दिलं तर ते परत काढून घेता येत नाही. सरळ शेक सुरू करा म्हणणाऱ्या माणसाला कोणता शेक, कुठे आणि किती, हे विचारा, तो नाही सांगू शकणार, आणि नावाशिवाय डॉक्टरही नाही सांगू शकणार.

मेथिलेशनच्या आधी मात्र एक काम करा, जे इथेच नागपुरात होऊ शकतं. तुमच्या रिपोर्टमध्ये इम्युनो किंवा आयएचसी असा भाग असेल, त्यात आयएनआय-१ नावाचा स्टेन, म्हणजे पेशीत त्या नावाचं प्रथिन आहे का हे रंगानं दाखवणारी तपासणी, केला आहे का बघा. नसेल तर उद्याच करायला सांगा, साधा स्टेन आहे, थोड्या दिवसांत होतो. हे मी का सांगते तर माझ्याकडची एक केस आहे. फार जुनी, दीड-दोन वर्षांचा मुलगा होता, मी पीएनईटी म्हणून रिपोर्ट दिला, तेव्हा हा स्टेन आमच्याकडे नव्हताच. तो मुलगा वर्षही काढू शकला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी स्टेन आला तेव्हा मी रेकॉर्डमधून त्याचा ब्लॉक शोधून काढला आणि स्वतः स्लाइड लावली. हा स्टेन चांगल्या पेशीत केंद्रकाला तपकिरी रंग देतो. त्या स्लाइडवर रक्तवाहिन्यांच्या भिंतीतली केंद्रकं छान तपकिरी दिसत होती, म्हणजे स्टेन बरोबर लागला होता, आणि त्यांच्या भोवती पसरलेली हजारो गाठीची केंद्रकं एकजात निळी, एकातही तपकिरी थेंब नाही. आयएनआय-१ गेलेलं. ती एटीआरटी होती. वेगळी गाठ, वेगळा उपचार. त्यानं तो वाचला असता असं मी म्हणत नाही, एटीआरटी आजही अवघडच आहे, पण त्याच्या आईवडिलांना खरं नाव कळायला हवं होतं, आणि ते मला देता आलं नाही. म्हणून आयएनआय-१ विचारा. सोबत लिन२८ए हा दुसरा स्टेन पण विचारा, ईटीएमआरचा इशारा त्यातून मिळतो. आयएनआय-१ गेलेलं निघालं तर निदान बहुतेक तिथेच होतं, मग मेथिलेशनच्या रिपोर्टसाठी उपचार थांबवून ठेवायची तेवढी गरज उरत नाही. कुठलीही महागडी टेस्ट सांगितली की हा एक प्रश्न विचारायची सवय ठेवा, याच्या उत्तरानं उपचारात काय बदलेल.

ब्लॉक म्हणजे काय ते घरी कोणाला माहीत नसेल म्हणून सांगते, ऑपरेशनमध्ये काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात आणि मग मेणात बसवतात, छोट्या प्लास्टिकच्या जाळीदार डबीवर पांढरट मेणाची वडी आणि त्यात मध्ये तो करडा तुकडा, बाजूला नंबर लिहिलेला. तोच ब्लॉक. तुमच्या पिल्लूच्या आजाराची सगळी खरी माहिती त्या वडीत आहे आणि ती दुसरी मिळणार नाही, पुन्हा मिळवायची म्हणजे पुन्हा डोकं उघडणं आलं. म्हणून लॅबमध्ये लेखी अर्ज द्या, ब्लॉकचा नंबर लिहून घ्या, किती ब्लॉक आहेत विचारा, एकापेक्षा जास्त असतील तर सगळे देऊ नका, एक इथे राहू द्या. पॅथॉलॉजिस्टला विनंती करा की ज्या ब्लॉकमध्ये जिवंत गाठ जास्त आहे तो निवडून द्या, कारण मेलेला भाग किंवा रक्तच जास्त असलं तर डीएनए कमी निघतो आणि रिपोर्ट धड येत नाही, मग सगळे म्हणणार बघा टेस्ट वाया गेली. सोबत स्लाइड, हिस्टोचा रिपोर्ट, ऑपरेशनच्या नोट्स आणि एमआरआयची सीडी. कोणी हातानं नेणार असेल तर ब्लॉक पाकिटात, पाकीट डब्यात, डबा स्वतःजवळच्या बॅगेत. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण आहे ते, आणि नागपूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगायचं.

वेळेचं म्हणाल तर रिपोर्टला काही आठवडे लागू शकतात, कारण त्या चिपवर एकावेळी ८ नमुने बसतात आणि लॅब नमुने जमले की चालवते. म्हणून पाठवायच्या आधी फोन करून विचारा पुढची बॅच कधी आहे, खर्च किती आहे, आणि लहान मूल आहे, उपचार अडलाय हे सांगा. तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. पूर्ण कण्याचा एमआरआय झाला आहे का, पाठीतून पाणी काढून तपासलं का, हे दोन्ही अशा गाठीत बहुतेक वेळा लागतंच, ते आता उरकून घ्या. आणि मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा की रिपोर्ट अमुक तारखेपर्यंत नाही आला तर आपण काय सुरू करायचं. काही वेळा ते केमोनं सुरुवात करतात आणि रेडिएशनचा निर्णय नाव कळल्यावर घेतात. हे ठरवायचं काम त्यांचं, पण तारीख मागायचं काम तुमचं.

मुंबईत टाटा मेमोरियल आहे, मुलांच्या मेंदूच्या गाठी तिथे सतत येतात आणि न्यूरोसर्जन, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट, मुलांचे ऑन्कोलॉजिस्ट सगळे एकत्र बसून ठरवतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. दुर्मिळ गाठीत मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, एकट्या डॉक्टरनं एकट्या रिपोर्टवर ठरवू नये. तिथलं मत घेऊन केमोचा बराच भाग पुढे आपल्या नागपुरात होऊ शकतो का हेही विचारा, सहा-आठ महिने घर सोडून राहणं सोपं नाही. जायचं झालंच तर रेल्वेचा कॅन्सर पेशंटचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं तिकीट माफ असतं आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आपल्या विदर्भातली कितीतरी माणसं तिथे राहून उपचार करून आलीत. पैशासाठी हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात बसणाऱ्या बाई किंवा दादाला पहिल्याच दिवशी भेटा, महात्मा फुले योजनेत काय बसतं, टेस्टसाठी कोणता ट्रस्ट मदत करतो, हे डॉक्टरपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स जास्तीच्याच करून ठेवा.

एक गोष्ट आधीच मनाची तयारी म्हणून सांगते. कधी कधी रिपोर्ट येतो आणि त्यात लिहिलेलं असतं की कुठल्याच गटाशी जुळलं नाही. जुळण्याचा स्कोर शून्य ते एक असतो, साधारण ०.९ च्या वर आला तर पक्कं धरतात. खाली आला तर रडू नका, त्याच तपासणीतून गुणसूत्रांचे कुठले तुकडे वाढलेत, कुठले गेलेत हा आलेखही मिळतो आणि त्यातून कधी कधी वाट सापडते, नाहीतर आरएनएची फ्यूजन तपासणी करतात. हे पण खरं आहे की कधी नाव कळतं आणि ते नाव ऐकून पोटात खड्डा पडतो. तसं झालं तरी कळलेलं बरं, असं मी इतक्या घरांशी बोलल्यावर म्हणून राहिले. दुसऱ्या बाजूला काही गाठींत आता थेट त्या बिघाडावर चालणारी औषधं आलीत, बीआरएएफ व्ही६०० हा जीनमधला बदल असलेल्या मुलांच्या लो ग्रेड (हळू वाढणाऱ्या) ग्लायोमासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये गोळ्यांच्या जोडीला मान्यता मिळाली. तुमच्या पिल्लूच्या गाठीत ते निघेलच असं नाही, पण शोधल्याशिवाय कळणारही नाही.

आता वहिनीबद्दल. ताई, हे मला सगळ्यात जास्त खुपलं. ग्रहणानं गाठ होत नाही. मोबाईलनं नाही, डोहाळजेवणात काय खाल्लं त्यानं नाही, नजरेनं नाही. पेशी वाढताना डीएनएमध्ये चूक होते, बहुतेक वेळा योगायोगानं, आणि मुलांच्या मेंदूत त्या वयात पेशी भराभर वाढत असतात म्हणून ती चूक महागात पडते. कॅन्सर झालेल्या शंभर मुलांत साधारण ८ ते १० जणांत जन्मतः आलेला दोष सापडतो, तो कधी आईकडून, कधी वडिलांकडून, आणि कितीदा तर दोघांकडूनही नाही, नव्यानंच झालेला. मॉलिक्युलर रिपोर्टमध्ये तसा इशारा आला, एसएमएआरसीबी१ किंवा टीपी५३ अशा एखाद्या जीनचं नाव, तर पिल्लूची रक्ताची तपासणी आणि जेनेटिक समुपदेशन करून घ्या, तिला भाऊबहीण असेल तर त्यांच्यासाठीही. पण त्यातही कोणाचा गुन्हा नसतो. तुमच्या आईला हे तुम्हीच सांगायचं, वहिनीच्या समोर, दाराआड नको. म्हणा डॉक्टर बाईंनी लिहून पाठवलंय. आणि वहिनीला कामाला लावा, फाईल तिच्या हातात द्या, डॉक्टरकडे जाताना तिला न्या. गप्प बसलेली आई रात्रभर स्वतःला दोष देत असते, मी पाहिलंय. दादालाही कागदांपासून लांब ठेवू नका. तुम्ही एकटीनं किती उचलाल.

राहिलं पिल्लू. तिला शाळेबद्दल खोटी तारीख सांगू नका, सोमवारी जाऊ म्हणालात आणि सोमवार गेला की ती तुमच्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवणार नाही, सुईच्या वेळी तर मुळीच नाही. तिला सांगा, तुझ्या डोक्यात एक गाठ होती, डॉक्टरकाकांनी काढली, आता ती कोणती होती ते मोठ्या लॅबमध्ये बघायला पाठवलंय, ते कळलं की औषध कोणतं ते ठरेल आणि मग शाळा कधी ते सांगते. चार वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. तिनं विचारलं की केस का कापले तर तेही सांगा. आणि शाळेच्या बाईंना फोन करून तिच्या वर्गातल्या मुलांकडून चित्रं मागवून घ्या, म्हणजे तिकडे तिची जागा आहे हे तिला दिसत राहील.

उद्या लॅबमधून ब्लॉकचा नंबर आणि आयएनआय-१ चं काय झालं ते कळलं की मला परत लिहा. रिपोर्टचा फोटो पाठवताना तिचं नाव झाकून पाठवा.